कोणता हेन्री आधी पाहावा? चार राजदरबारी चित्रपटांची तुलना

हॉलिवूडच्या पैशावर निघालेले जुने राजदरबारी चित्रपट ढीगभर आहेत. त्यातले दोनच पाहायला सवड असेल, तर एलिझाबेथ राणीचे तूर्त बाजूला ठेवा आणि दोन हेन्रींपैकी एक निवडा. बाराव्या शतकातला हेन्री दुसरा ‘बेकेट’ (१९६४) आणि ‘द लायन इन विंटर’ (१९६८) मध्ये आहे. सहा लग्नं करणारा हेन्री आठवा ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ (१९६६) आणि ‘अ‍ॅन ऑफ द थाउजंड डेज’ (१९६९) मध्ये. चारही मुळात रंगमंचावरची नाटकं, त्यामुळे सगळी झुंज संवादांत आहे. लढायांच्या आशेनं बसलात तर हिरमोड होईल. इंग्रजी सबटायटल्स मात्र चालू ठेवा.

हेन्री दुसरा निवडलात तर क्रम मोडू नका. दोन्हीकडे राजा पीटर ओ’टूलच आहे. ‘बेकेट’मध्ये तो तरुण, उतावळा, मित्रावर, म्हणजे पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या थॉमस बेकेटवर, जीव टाकणारा. ‘लायन’मध्ये तोच पन्नाशीचा, तीन मुलगे आणि कैदेतली बायको यांच्याशी एकाच वेळी डाव खेळणारा. ओ’टूल स्वतः तेव्हा जेमतेम पस्तिशीत होता, पण वय दाढीत नाही तर आवाजात आणि चालण्यात उतरलंय. आधी ‘लायन’ पाहिला तर ‘बेकेट’मधला पोरकटपणा खटकतो. उलट क्रमानं पाहिलं तर हा माणूस असा का झाला, ते उमगतं.

‘बेकेट’ १४८ मिनिटांचा आहे आणि मध्यंतराच्या आसपास रेंगाळतो. फ्रान्सचा राजा आणि पोप यांचे प्रसंग अर्ध्या लांबीत भागले असते. पण घोड्यांवर बसून समुद्रकिनाऱ्यावर झालेली दोघांची शेवटची भेट आणि कँटरबरीच्या चर्चमधली हत्या (२९ डिसेंबर ११७०) यांसाठी तो पाहायलाच हवा. इतिहास म्हणून जपून घ्या. कथेचा कणाच असा की बेकेट इंग्लंडच्या जिंकल्या गेलेल्या जुन्या रहिवाशांपैकी, म्हणजे सॅक्सन, आणि राजा जिंकणाऱ्या नॉर्मनांपैकी. प्रत्यक्षात बेकेटचं घराणंही नॉर्मनच. राणी एलिनॉरला तर इथे कुरकुर करत भरतकाम करणारी बाई करून टाकलंय, हा खरा अन्याय.

त्याची भरपाई ‘लायन’ करतो. कॅथरीन हेपबर्नची एलिनॉर नावेतून उतरते तेव्हापासून पडदा तिचाच होतो. त्या वर्षीचं अभिनेत्रीचं ऑस्कर तिला बार्ब्रा स्ट्रायसँडबरोबर विभागून मिळालं. काळ ११८३ चा नाताळ, स्थळ शिनाँचा किल्ला, प्रश्न एकच: गादी कोणाला? बापाला धाकटा जॉन हवा, आईला रिचर्ड, मधल्या जेफ्रीला कोणीच विचारत नाही. थोरला मुलगा त्याच वर्षी वारलाय आणि अॅक्विटेन हा एलिनॉरचा माहेरचा प्रांत आहे, एवढं ठाऊक असलं की पहिली वीस मिनिटं गोंधळ उडत नाही. नाताळचा हा मेळावा काल्पनिक आहे, पण घरातली भांडणं खरीच होती. फ्रान्सच्या तरुण राजाच्या खोलीत राजपुत्र एकेक करून पडद्याआड लपतात आणि मग बाप येतो, तो प्रसंग दुसऱ्यांदा पाहताना फक्त हेन्रीचा चेहरा पाहा. रिचर्ड म्हणजे अँथनी हॉपकिन्स, फ्रेंच राजा टिमोथी डाल्टन.

हेन्री आठव्याकडे वळायचं असेल तर ‘अ‍ॅन’ आधी, ‘मॅन’ नंतर. अ‍ॅन बोलिनशी लग्न करण्यासाठी राजाला हव्या असलेल्या घटस्फोटाचा पेच, पोपचा नकार आणि राजानं स्वतःला चर्चचा प्रमुख ठरवणं, हे सगळं ‘अ‍ॅन’ उलगडून सांगतो. ‘मॅन’ ते तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. दोन्हीकडे थॉमस नावाची गर्दी आहे: कार्डिनल वुल्झी, मंत्री क्रॉमवेल, चान्सलर (राजाचा सर्वोच्च कायदा अधिकारी) मोर, शिवाय नॉरफोकचा ड्यूक हॉवर्ड. आडनावं लक्षात ठेवा, नाहीतर घोटाळा अटळ.

१४५ मिनिटांच्या ‘अ‍ॅन’मध्ये रिचर्ड बर्टन राजा आहे, पण चित्रपट पेलते अ‍ॅन झालेली जेनेव्हिएव्ह बुजोल्ड. पोशाख पाहायचे असतील तर चौघांत हाच. दहा नामांकनांपैकी त्याला मिळालेलं एकमेव ऑस्कर मार्गारेट फर्सच्या वेशभूषेचं. शेवटी टॉवर या लंडनच्या तुरुंगात राजा-राणीची भेट होते, ती मात्र रचलेली. थॉमस मोरचा बळी अ‍ॅननं मागितला, हेही तसंच.

तोच मृत्यू ‘मॅन’मध्ये पाहा. पॉल स्कोफिल्डचा मोर राजाचं हे नवं लग्न मान्य करण्याची शपथ घेत नाही आणि का घेत नाही तेही बोलत नाही. मौनाला कायद्यानं संमती मानावं लागेल, एवढाच त्याचा बचाव. तो मोडतो रिचर्ड रिचच्या खोट्या साक्षीनं. राजा रॉबर्ट शॉ थोडाच वेळ दिसतो, पण पुरतो: नावेतून थेट चिखलात उडी, क्षणभर सगळे स्तब्ध, मग राजा हसतो आणि भरजरी कपड्यांतले दरबारीही धपाधप चिखलात. दरबार म्हणजे काय ते यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही. चान्सलर असताना मोरच्या काळात धर्मद्रोही ठरवलेल्यांना जिवंत जाळलं गेलं, हे मात्र चित्रपट गाळतो.

एकच संध्याकाळ असेल तर आमचा कौल ‘लायन’ला. घरात कायद्याचा अभ्यास करणारं कोणी असेल, तर दोन तासांचा ‘मॅन’. ‘लायन’शिवाय नुसता ‘बेकेट’ पाहायचा असेल तर थांबा, त्याची खरी किंमत जोडीत आहे.

प्रत निवडताना एक तपासा. ‘बेकेट’, ‘लायन’ आणि ‘अ‍ॅन’ रुंद पडद्यासाठी चित्रित झालेत. टीव्हीवर चित्राच्या वर-खाली काळे पट्टे दिसायलाच हवेत. चित्र अख्खा पडदा भरत असेल तर दोन्ही बाजू कापलेल्या आहेत, आणि ‘लायन’मध्ये तर कडेला गप्प उभा असलेला जेफ्रीच आधी गायब होतो.