मॉडेल ए-मध्ये कोणतं इंजिन बसवायचं: फ्लॅटहेड की शेवी ३५०?

१९२८ ते १९३१ मधली फोर्ड मॉडेल ए, दोन गाड्या मावतील असं गॅरेज, एक वेल्डर आणि हातात शनिवार-रविवार. अमेरिकेत घरच्या घरी हॉट रॉड, म्हणजे दमदार इंजिन घातलेली जुनी गाडी, बांधणाऱ्याचं भांडवल साधारण एवढंच असतं, आणि पहिला घोळ इंजिनावरून होतो. मूळचं चार सिलिंडरचं ४० हॉर्सपॉवरचं इंजिन पुरणार नाही, यावर कुणाचं दुमत नसतं. पुढे दोन वाटा फुटतात: १९४९-५३ चं फोर्ड फ्लॅटहेड व्ही-८, म्हणजे ८बीए, किंवा शेव्रोलेचं स्मॉल ब्लॉक ३५०. पहिलं २३९ घन इंचाचं, कारखान्यातून निघालं तेव्हा १०० ते ११० हॉर्सपॉवरचं. दुसरं कंपनीकडून नवं कोरं, २९० हॉर्सपॉवरचं मिळतं.

आकड्यांवर जाऊ नका. फ्लॅटहेडचं काम इंजिनाच्या आत असतं, शेवीचं इंजिनाच्या बाहेर. आतलं काम मशीन शॉपकडे जातं आणि ते किती निघेल हे ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा ओतीव सांगाडा, ठरवतो. बाहेरचं म्हणजे कापाकापी आणि वेल्डिंग; ते घरी, आपल्या सवडीने होतं.

(भारतात बसून हे वाचत असाल तर पुढचं सगळं फक्त शौक म्हणून वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही.)

फ्लॅटहेड: ब्लॉक पास होईपर्यंत एकही पार्ट घेऊ नका

या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणात, नसून ब्लॉकमध्ये असतात. जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जॅकेटमधून वाट काढत बाहेरच्या बाजूला येतो. प्रत्येक बाजूला चार सिलिंडर, पण बाहेर पडायची तोंडं तीनच, कारण मधल्या दोघांचं एक. ती सगळी उष्णता पाण्यात उतरते. फ्लॅटहेड तापतं आणि त्याच्या ब्लॉकला तडे जातात, ते यामुळेच.

आधी पाण्याच्या जॅकेटमधली घाण काढा. ओतकामाच्या वेळची वाळू आणि तारांचे तुकडे सत्तर वर्षांनंतरही आत सापडतात. वाकवलेली तार, हवेचा दाब, पुन्हा तार, असं ब्लॉक उलटापालटा करत बाहेर पडणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चालू ठेवा. मग ब्लॉक मशीन शॉपच्या केमिकल टाकीत धुवून मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने तडे शोधायची चाचणी) करून घ्या. बोल्टच्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंतचा बारीक तडा नेहमीचा. पिना ठोकून तो बुजवता येतो. व्हॉल्व्हच्या सीटवरून सिलिंडरमध्ये उतरलेला तडा म्हणजे स्लीव्ह (सिलिंडरला आतून नवी नळी) आणि नवी सीट, आणि असे दोन-तीन निघाले तर दुसरा ब्लॉक शोधणं स्वस्त पडतं. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३ ३/१६ इंच. ३ ५/१६ पर्यंत सर्रास वाढवतात, पण ओतताना साचा सरकलेला असू शकतो. म्हणून बोअर वाढवण्याआधी भिंतींची जाडी अल्ट्रासाउंडने मोजून घ्या.

टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दट्ट्याला, मूळ रचनेत ॲडजस्टिंग स्क्रू नाही. टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट जुळवायची तर व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक घासायचं, बसवायचं, फीलर गेज घालून बघायचं, परत काढून घासायचं. इनटेकला ०.०१० ते ०.०१२ इंच, एक्झॉस्टला ०.०१४ ते ०.०१६. सोळा व्हॉल्व्ह आहेत, आणि एखादा जास्त घासला गेला की तो वाया गेला. ॲडजस्टेबल टॅपेट विकत मिळतात. इथे काटकसर करू नका.

रेडिएटरला वर दोन आणि खाली दोन होज लागतात, कारण पाण्याचे पंपही दोन. इंजिनाचे पुढचे माउंट बहुधा या पंपांनाच असतात. एक पंप गळायला लागला की आधी इंजिनाखाली जॅक लावून वजन पेलायचं, मग पंप काढायचा.

शेवी ३५०: इंजिन सोपं, जागा अवघड

इथे फसगत खरेदीतच होते. ३०५ आणि ३५० बाहेरून सारखी दिसतात आणि ३०५ ला ३५० म्हणून खपवलं जातं. प्लगच्या भोकातून तार घालून स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) मोजणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण दोघांचा स्ट्रोक ३.४८ इंचच. फरक बोअरमध्ये आहे: ३०५ चा ३.७३६, ३५० चा ४ इंच. हेड काढता येत नसेल तर ब्लॉकच्या मागच्या कडेवरचा कास्टिंग नंबर वाचा. ३९७००१० किंवा १०२४३८८० दिसला तर बोअर ४ इंची.

भंगारातून घ्यायचं तर १९९६-२००० च्या पिकअपमधलं व्होर्टेक ३५० (३५० चीच नंतरची आवृत्ती) आमच्या मते सगळ्यांत बरं: रोलर कॅम (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या या दांड्यावर घासण्याऐवजी चाकं फिरतात), चांगली हेड. पण त्या हेडवर जुना इनटेक मॅनिफोल्ड बसत नाही. व्होर्टेकसाठीचाच घ्यावा लागतो. १९८६ पासून मागचं क्रँक सील अखंड झालं आणि फ्लेक्सप्लेटही (क्रँकला ऑटोमॅटिक गियरबॉक्सशी जोडणारी चकती) बदलली. बोल्टांची वर्तुळं वेगळी आहेत, त्यामुळे चुकीची प्लेट निदान बसत तरी नाही.

जुनं, रोलर नसलेलं इंजिन नव्या कॅमसह बांधत असाल तर सुरू झाल्याबरोबर २००० ते २५०० आरपीएमवर वीस मिनिटं चालवायचं, जस्त जास्त असलेलं तेल घालून. टायमिंग, पेट्रोल, पाणी सगळं आधीच चोख हवं. स्टार्टर फिरवत बसलात तर कॅमचे उंचवटे पहिल्याच दिवशी झिजतात. फ्लॅटहेडच्या व्हॉल्व्ह स्प्रिंग मऊ असतात, तिथे हा धोका कमी. शेवीच्या हेडचे बोल्ट पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात, तेव्हा आट्यांना सीलंट लावा आणि तीन टप्प्यांत ६५ फूट-पाउंडपर्यंत कसा. सीलंट विसरलं की बोल्टच्या डोक्याशी पाणी पाझरतं आणि दोष गॅस्केटला लागतो.

आता जागा. प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्यूटर फ्लॅटहेडमध्ये पुढे असतो, शेवीत मागे, थेट फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायच्या जागेमधला पत्रा) छातीशी. बहुतेक वेळा फायरवॉल आत ढकलावी लागते. मोठ्या टोपीचा एचईआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा) डिस्ट्रिब्यूटर टाळून लहान टोपीचा घेतला आणि १९६८ पर्यंतचा आखूड वॉटर पंप लावला, तर पंख्यासाठी इंचभर फट सुटते.

आणि मॉडेल ए-ची पेट्रोल टाकी फायरवॉलच्या मागेच, तुमच्या गुडघ्यांवर असते. तिचा वरचा पत्रा हाच गाडीचा बाहेरून दिसणारा काउल (काचेपुढचा भाग), म्हणून ती नुसती काढून टाकता येत नाही. खालचा भाग कापून नवी टाकी मागे बसवतात. किती का वर्षं रिकामी असेना, आत वाफ असू शकते. ग्राइंडर किंवा गॅस कटर लावू नका. साबणाच्या पाण्याने अनेकदा धुवा, मग हवेवर चालणाऱ्या कात्रीने कापा.

एक्झॉस्टसाठी रॅम्स हॉर्न मॅनिफोल्ड घ्या. ते मधूनच सरळ खाली उतरतं आणि स्टिअरिंगच्या शाफ्टला वाट सोडतं.

मागचा एक्सल, ब्रेक, खर्च

चॅसिसच्या उघड्या रेलला आतून पट्टी लावून पेटी करणं दोन्ही इंजिनांना लागतं. वेल्ड छोट्या टाक्यांनी, जागा बदलत करा, नाहीतर रेल पिळवटतो. मॉडेल ए-चे तारा-सळ्यांचे ब्रेक दोन्हीकडे बाद. फ्लॅटहेडसाठी १९३९-४८ च्या फोर्डचे हायड्रॉलिक ब्रेक, तीन गियरचा बॉक्स आणि त्याच काळातला एक्सल चालतो. शेवीपुढे तो एक्सल टिकत नाही. फोर्डचा ८ किंवा ९ इंची घ्या आणि पुढे डिस्क लावा.

तरीही एकूण हिशोबात नीट बांधलेलं फ्लॅटहेड नव्या ३५० च्या सहज दुप्पट पडतं. पहिलीच गाडी असेल आणि ती दोन वर्षांत रस्त्यावर यायला हवी असेल, तर शेवी. बॉनेट उघडल्यावर १९५० चीच गाडी दिसली पाहिजे असा हट्ट असेल, आणि तो हट्ट आम्हाला चुकीचा वाटत नाही, तर फ्लॅटहेड. मात्र ब्लॉक घेताना मॅग्नाफ्लक्समध्ये नापास झाला तर परत घेण्याची अट विक्रेत्याकडून कागदावर लिहून घ्या.