शेरी अर्नस्टीनचा शिडीवाला लेख : पाचपैकी चार स्टार

१९६९ चा लेख, तोही अमेरिकेतल्या शहरांवरचा, पण वाचताना सारखं वाटतं की ह्या बाई आपल्या वॉर्डातल्या मीटिंगला येऊन बसल्या होत्या का काय ओ. सरकारी निर्णयात लोकांना किती सामील करतात, म्हणजे लोकसहभाग, त्याच्या शिडीच्या आठ पायऱ्या सांगितल्यात, खालच्या दोन म्हणजे निव्वळ बनवाबनवी, मधल्या तीन (माहिती द्या, मत विचारा, थोडं गोंजारा) दाखवण्यापुरत्या, खरी सत्ता वरच्या तीनमध्येच. चौथी पायरी (मत विचारा) लई भारी पकडलीय, सर्व्हे घ्या सभा घ्या, पण मत मानतील याची गॅरंटी शून्य. २०१६ ला सोलापूर केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांमध्ये आलं तेव्हा पण लोकांची मतं मागवली होतीच की, ती कुठल्या पायरीवर बसवायची ते वाचून तुम्हीच ठरवा.

आत एका फ्रेंच पोस्टरचं चित्र आहे, मी सहभागी, तू सहभागी, आपण सगळे सहभागी आणि फायदा मात्र त्यांचा! खल्लास.

एक स्टार कापला कारण उदाहरणं सगळी तिकडच्या सरकारी योजनांची, आपल्याला काय घेणंदेणं. शिडी जरा जास्तच सोपी केलीय, पण ते त्या स्वतःच कबूल करतात. मोजून ९ पानं, नवी पेठेत झेरॉक्स मारा न वाचा.