"आठ जीबी ग्राफिक्स कार्ड" म्हणून भाच्याच्या गळ्यात काय मारलं ते वाचा, मग टोकन द्या

पन्नास हजारांच्या आसपास गेमिंग पीसी असेंबल करून घ्यायचा विचार असेल तर पैसे द्यायच्या आधी हे पूर्ण वाचा. माझ्या ताई-भावजींनी भाच्यासाठी जे मशीन घेतलं त्यात प्रोसेसरपासून एसएमपीएसपर्यंत (मशीनला वीज पुरवणारा डबा) प्रत्येक ठिकाणी गडबड निघाली, आणि गडबड पण अशी की कोटेशन दाखवून जाब विचारला तर दुकानदार बिनधास्त म्हणतो, जे लिहिलंय तेच दिलंय. आणि खरंच, लिहिलं होतं तेच दिलं होतं. लिहितानाच सगळं मोघम लिहिलं होतं, चोरी तिथेच झाली होती.

भाच्याची बारावी झाली, इंजिनिअरिंगला नंबर लागला, त्याला व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह खेळायला आणि थोडं ब्लेंडर शिकायला मशीन हवं होतं. मॉनिटर घरात होता. ताई साताऱ्याची, लग्नासाठी मुंबईला आले होते तेव्हा भावजी त्याला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. मी ऑफिसात सिस्टिम अ‍ॅडमिनचं काम करतो आणि आमचं बरंचसं सामान वर्षानुवर्षं त्याच रोडवरून येतं, तिथे चोख धंदा करणारे भरपूर आहेत हे आधीच सांगतो. यांना भेटला तो एका गल्लीत पहिल्या मजल्यावर बसलेला, नाव घेत नाही कारण प्रकरण चालू आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं कोटेशन असं होतं: रायझन ५ प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एम.२ एसएसडी, आरएक्स ५८० ८ जीबी (हेच ते ग्राफिक्स कार्ड), ५५० वॅट गेमिंग एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट ४ फॅन. एकूण ४८,५००. तोंडी सांगताना "५६०० है सर, एनव्हीएमई है, सब नया सीलपॅक" (५६०० म्हणजे प्रोसेसरचं मॉडेल, एनव्हीएमई म्हणजे वेगवान प्रकारचा एसएसडी). टोकन यूपीआयने, बाकीचे कॅश. भावजींनी बिल मागितलं तर "जीएसटी बिल चाहिए तो १८ टक्का ऊपर लगेगा", आणि हातात एस्टिमेटची चिठ्ठी, ज्यावर ना जीएसटी नंबर, ना एकाही पार्टचा सिरीयल नंबर. आता घरात कॉम्प्युटरमधलं कुणाला फारसं कळत नाही, समोरचा माणूस गोड बोलतोय, पोरगं काचेतून चमकणाऱ्या फॅनकडे बघतंय, अशा वेळी साधा माणूस आणखी काय विचारणार. याच लोकांना हे हेरतात याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

साताऱ्याला मशीन लागलं, पहिले काही दिवस ठीक, मग गेम सुरू केला की थोड्या वेळाने स्क्रीन काळी, फॅन एकदम जोरात, आणि मशीन रिस्टार्ट. फोन केला की दर वेळी नवीन कारण, आधी ड्रायव्हर अपडेट करा, मग विंडोज परत मारा, मग तुमच्याकडे लाइट कमी-जास्त होत असेल, यूपीएस घ्या. भावजींनी तो पण घेतला. काही फरक नाही.

गणपतीला मी गेलो तेव्हा बसून सगळं तपासलं. आधी जीपीयू-झेड टाकलं, फुकट मिळतं, ग्राफिक्स कार्डाची खरी माहिती दाखवणारं छोटंसं सॉफ्टवेअर आहे. त्यात शेडर्सच्या (कार्डातले काम करणारे छोटे कोअर) पुढे आकडा होता २०४८. खऱ्या आरएक्स ५८० ला २३०४ पाहिजेत. हे कार्ड काढणाऱ्या एएमडी कंपनीने एप्रिल २०१७ मध्ये जे ५८० काढलं ते २३०४ वालं, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी म्हणून त्याच नावाने आणखी एक काढलं, आरएक्स ५८० २०४८एसपी, जे आतून जवळपास आरएक्स ५७० आहे. म्हणजे दुकानदार कोटेशनमध्ये "आरएक्स ५८० ८ जीबी" लिहितो, हे कार्ड देतो, आणि विचारलं तर ५८० ही तो है म्हणतो, त्याला खोटं पण म्हणता येत नाही. एवढंच असतं तरी एक वेळ सोडून दिलं असतं. पण कार्ड स्लॉटमधून काढून उन्हात धरलं तेव्हा कळलं की हे नवीन पण नाही. कूलरच्या चारही स्क्रूंच्या खाचा घासलेल्या, म्हणजे कुणीतरी आधी उघडलेलं, मेमरी चिपच्या बाजूने बोर्डवर तेलकट ओघळ आलेले आणि त्यात बारीक धूळ बसलेली, आणि पॉवर सर्किटच्या मागे बोर्डाचा रंग करपल्यासारखा तपकिरी. ते तेल थर्मल पॅडमधून सुटतं, पॅड महिनोन्महिने गरम राहिले की. वरचा फॅनचा भाग मात्र कोरा करकरीत, नवं प्लास्टिक, नवा स्टिकर.

ही कार्डं कुठून येतात ते सांगतो. ५८० आणि ५७० ही इथेरियम या क्रिप्टो चलनाच्या मायनिंगसाठी, म्हणजे कार्डांवर सतत गणितं चालवून ते चलन कमावण्यासाठी, सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या कार्डांपैकी. चोवीस तास लोडवर चालायची. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि जगभरचे मायनर एकदम कार्ड विकायला निघाले. ती पुसूनपासून, नवे फॅन लावून, कधीकधी जुनी चिप काढून दुसऱ्याच स्वस्त बोर्डवर बसवून, न ऐकलेल्या कंपनीच्या खोक्यात घालून परत बाजारात येतात. सेकंडहँड म्हणून सेकंडहँडच्या भावात, सांगून विकलं तर माझी काही तक्रार नाही, घेणाऱ्याला माहीत असतं. इथे ते "सीलपॅक" म्हणून विकलं.

आणि लक्षात घ्या, ५८० च्या बाबतीत निदान कार्ड ओळखीचं तरी होतं, एनव्हिडिया या दुसऱ्या कंपनीच्या कार्डांच्या बाबतीत याहून घाणेरडे प्रकार झालेत. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय असली २०१०-११ च्या काळातली कार्डं, त्यांचा बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून १०५० टीआय म्हणून विकली गेली, विंडोजमध्ये पण नाव १०५० टीआयच दिसतं. खऱ्या १०५० टीआयला ७६८ कोअर, त्या जुन्यांना १९२. हे इतकं वाढलं की जीपीयू-झेडवाल्यांनी २०१८ मध्ये २.१२ व्हर्जनपासून असं कार्ड दिसलं की नावाच्या आधी "फेक" असं दाखवायची सोयच केली. म्हणून दुकानात विंडोजमधलं नाव दाखवलं तर मान डोलवू नका, जीपीयू-झेड समोर उघडायला लावा. "४ जीबी कार्ड", "८ जीबी कार्ड" हा आकडा तर ताकदीचा नाहीच. जीटी ७३० पण ४ जीबीचं मिळतं, डीडीआर३ मेमरीचं, त्यावर आजचा कुठलाही मोठा गेम धड चालत नाही. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीवालं २५६० कोअरचं आणि ६ जीबीवालं २३०४ चं, मेमरीचा बस (डेटा जायचा रस्ता) पण १२८ वरून ९६ बिट, फक्त मेमरी कमी केलीये असं सांगून विकतात.

आता एसएमपीएस, ज्याकडे कुणी बघतच नाही आणि जो मला कार्डापेक्षा जास्त गंभीर वाटतो, कारण इथे घर जळू शकतं. बाहेर मोठ्या अक्षरात ५५० वॅट आणि गेमिंग. हातात घेतला तर पोकळ डब्यासारखा हलका. बाजूच्या लेबलवर बारीक अक्षरात टेबल असतं, त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते बघायचं, प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही त्याच लाइनवर जगतात. याच्यावर होतं १८. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. तो आकडा पण कंपनीने स्वतः लिहिलेला, खरा किती देतो देव जाणे. कार्डाला एकट्याला दीडशे वॅट लागतात, प्रोसेसर फुल लोडला पंच्याहत्तरच्या आसपास जातो, वर फॅन, बोर्ड, एसएसडी. गेम सुरू केला की मशीन बंद का पडायचं याचं उत्तर त्या लेबलवर छापलेलं होतं आणि हा माणूस ताईला फोनवर साताऱ्याच्या लाइटवर घालवत होता. कार्डाला लागणारी आठ पिनची वायर त्या एसएमपीएसला नव्हतीच, दोन जुन्या मोलेक्स पिनांना कन्व्हर्टर लावून काम भागवलेलं, आणि त्यातल्या एका पिनेचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडून मऊ झालेलं. हात लावला तेव्हा पोटात गोळा आला, कारण पोरगं रात्री दार लावून खेळत बसतं. चांगल्या ५५० वॅटवाल्यावर १२ व्होल्टला साधारण ४५ अँपिअर लिहिलेलं असतं. एवढी एक गोष्ट जरी दुकानात बघितलीत तरी पुष्कळ.

बाकीचं थोडक्यात. प्रोसेसर ५६०० नाही, ५५०० निघाला. दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेड, पण ५५०० ला एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) अर्धी, १६ एमबी, आणि गेममध्ये तो फरक दिसतो. कोटेशनमध्ये फक्त "रायझन ५" होतं. इंटेलमध्ये हाच प्रकार "आय५" लिहून होतो, आय५-२४०० पण आय५च, २०११ चा, चार कोअर चार थ्रेड, विंडोज ११ अधिकृतपणे त्यावर चालत नाही. रॅम १६ जीबीची एकच स्टिक, प्रोसेसर-रॅमची माहिती देणाऱ्या सीपीयू-झेडमध्ये सिंगल चॅनल, म्हणजे रॅमचा एकच रस्ता चालू, दोन आठच्या घातल्या असत्या तर त्याच पैशात मशीन पळालं असतं. एसएसडी एम.२ होता, पण एम.२ हा फक्त आकार झाला, आतून साटा म्हणजे जुन्या, हळू पद्धतीचा होता, सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आतला स्पीड, साधा एनव्हीएमई पण दोन-तीन हजार एमबीच्या पुढे जातो. त्यावर डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं तर पॉवर ऑन अवर्स, म्हणजे एकूण चाललेले तास, अकरा हजारांच्या वर! भाच्याच्या हातात यायच्या आधी तो कुठेतरी सव्वा वर्ष न थांबता चालून आला होता.

म्हणून कोटेशन घेताना प्रत्येक पार्टचा कंपनीसकट पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, "किंवा तत्सम" वगैरे शब्द असला तर तो खोडायला लावा. सगळी खोकी समोर उघडायला सांगा, खोक्यावरचा आणि पार्टवरचा सिरीयल नंबर जुळवा, रिकामी खोकी घरी आणा, वॉरंटीच्या वेळी ती लागू शकतात. असेंबल झाल्यावर तिथेच जीपीयू-झेड, सीपीयू-झेड आणि डिस्कइन्फो उघडून स्क्रीनचा फोटो काढा, सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. जो दुकानदार याला नाही म्हणतो त्याच्याकडून माऊस पण घेऊ नका. आणि बिल पक्कंच, बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या सरकारी साइटवर टाकला की धंद्याचं नाव दिसतं, महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो. १८ टक्के वाचवतोय असं तो भासवतो, प्रत्यक्षात स्वतःची सुटका करून घेतोय.

दुकानात मी स्वतः गेलो, फोटो दाखवले. आधी "सेम परफॉर्मन्स है सर", मग "पाच टक्क्याचा फरक", मग आवाज चढवला, मग म्हणे फरक भरा, दुसरं कार्ड देतो. मी नाही म्हटलं, पूर्ण पैसे परत आणि तुझं सामान तुला.

पक्कं बिल नाही म्हणजे आता काही होत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, ते खरं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवीन म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि विकलेल्या मालाचं बिल न देणं हीसुद्धा त्यातच येते. म्हणजे बिल दिलं नाही हा त्याचा बचाव नाही, ती आपली दुसरी तक्रार आहे. व्हॉट्सअ‍ॅपचं कोटेशन, यूपीआयची एंट्री, एस्टिमेटची चिठ्ठी, हे सगळं चालतं, चॅट डिलीट करू नका. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली, त्यानंतर त्याचा सूर बदलला, ताईला फोन करून एसएसडी आणि एसएमपीएस बदलून देतो म्हणाला, कार्डाचं मात्र नाव काढेना. मग ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते, त्यामुळे ताईला मुंबईच्या फेऱ्या नाहीत, साताऱ्यातच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे कुणाचं जुनं प्रकरण असेल तर अजून वेळ असू शकतो.

एसएमपीएस मी त्याच दिवशी काढून टाकला, भाच्याने कितीही म्हटलं "मामा, कमी सेटिंगवर खेळतो ना" तरी. नवा बिलासकट, ८० प्लस ब्राँझचा (कमी वीज वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) घेतला. ते ५८० आणि एसएसडी पुराव्यासाठी पिशवीत सील करून ठेवलंय. ५५०० ला स्वतःचं ग्राफिक्स नसतं, कार्ड काढलं की डिस्प्लेच येत नाही, म्हणून सध्या माझ्याकडचं एक जुनं कार्ड लावून त्याचं कॉलेजचं काम चाललंय. तक्रारीत पूर्ण रक्कम, यूपीएसचे पैसे आणि त्रासाची भरपाई मागितलीये, नोटीस दुकानदाराला मिळाल्याचं दिसतंय, तारखेची वाट बघतोय.