रेल्वे इंजिनातला नवा रंगीत डिस्प्ले: आठ महिने वापरल्यावर

हे दोन महिन्यांपूर्वीच लिहायचं होतं. तेव्हा डोकं इतकं तापलेलं होतं की नुसती आदळआपट झाली असती, म्हणून थांबलो.

जुलैतली रात्र. इगतपुरीहून भरलेली मालगाडी घेऊन कसारा घाट उतरत होतो. 1:37 चा उतार, रिजनरेशन (मोटरींनीच गाडी रोखणारा ब्रेक) लावलेलं, पावसाने वायपरला उसंत नव्हती. वळण संपताना समोरच्या अंधारात पिवळा दिसला. मी "यलो" म्हणून हात वर केला. असिस्टंट म्हणाला, "सर, कुठंय? मला काहीच दिसत नाहीये." मी ब्रेक वाढवला. थोडं पुढे गेल्यावर खरा सिग्नल दिसला, तो हिरवा होता. माझा पिवळा मात्र होता तिथेच, गाडीबरोबर चालत होता. मान वाकवली तर तोही सरकला. डेस्कवरच्या नव्या डिस्प्लेवर एका किरकोळ फॉल्टचा पिवळा त्रिकोण लागला होता, त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडलं होतं.

त्या रात्री गाडीची दोन-तीन मिनिटं गेली, बाकी काही नाही. पण त्याच डिस्प्लेवर ट्रॅक्टिव्ह एफर्टची, म्हणजे इंजिनाच्या ओढीची, पट्टी हिरवी आहे. हिरवं प्रतिबिंब नको त्या जागी पडलं असतं तर काय झालं असतं, हे कसाऱ्याला गाडी उभी राहीपर्यंत डोक्यातून गेलं नाही. 27 वर्षं गाडी चालवतोय, एकही स्पॅड नाही, म्हणजे एकदाही लाल सिग्नल ओलांडलेला नाही.

डिस्प्ले कोणत्या कंपनीचा ते लिहीत नाही. थ्री-फेज मोटरींच्या विजेच्या इंजिनांवर काम करणाऱ्यांना तो माहीत आहे: दहा इंचाचा, खाली बटणांची रांग असलेला.

आधी जे चांगलं आहे ते सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. जुन्या डिस्प्लेवर फॉल्टचा नंबर यायचा आणि एक तुटक ओळ. मग टॉर्च लावून ट्रबलशूटिंगचं पुस्तक उघडायचं, पान शोधायचं, आणि तोवर कंट्रोल रूममधून कंट्रोलरचा फोन. नव्यावर फॉल्ट काय आहे, काय बंद झालं आणि आता काय करायचं, तिन्ही एकाच पानावर येतं. मार्चमध्ये आमचं एक बीयूआर गेलं, म्हणजे इंजिनातल्या पंखे-पंपांना वीज देणाऱ्या तीनपैकी एक ऑक्झिलरी कन्व्हर्टर. त्याचा भार उरलेल्या दोघांवर जातो हे आपल्याला पाठ आहे, पण गाडी चढावर असताना पाठांतर आठवत नाही. डिस्प्लेने शांतपणे लिहिलं की भार दुसरीकडे गेला आहे, गाडी चालू ठेवा. असिस्टंटने वाचून दाखवलं आणि गाडी चालू राहिली. हे लिहिणाऱ्याला लोको पायलटशी बसून बोलल्याशिवाय असं लिहिता आलं नसतं.

उन्हातही तसंच. मे महिन्यात मनमाडच्या बाजूला दुपारी दोनला जुन्या डिस्प्लेवर काही दिसायचं नाही, हाताचा आडोसा धरावा लागायचा. यावर प्रत्येक आकडा स्वच्छ. त्या महिन्यात मला कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

रात्रीचं दुखणं निघालं ते याच गुणातून, आणि ते समजायला मला वेळ लागला. भर उन्हात दिसावं म्हणून मागचा उजेड फार जोरदार दिला आहे. रात्री तो दहा टक्क्यांवर आणला तरी जोरदार उजेडाचे दहा टक्के म्हणजे बराच उजेड. शिवाय एलसीडीचा काळा हा खरा काळा नसतो. मागचा उजेड त्यातून झिरपतो आणि रात्री सगळी स्क्रीन करडी चमकते. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला साधारण अर्धा तास लागतो, आणि ती मोडायला काही सेकंदांचा उजेड पुरतो. अंधारात काम करणाऱ्या पेशी लाल उजेडाला फारशा दाद देत नाहीत, म्हणून पाणबुडीत रात्री लाल दिवे वापरत आले आहेत. आमच्या डिस्प्लेची पार्श्वभूमी निळसर. रात्रीच्या डोळ्यासाठी याहून वाईट रंग निवडता आला नसता.

लॉगबुकात लिहिलं: "रात्री डिस्प्लेचा उजेड जास्त, काचेवर प्रतिबिंब, सिग्नल बघण्यात अडथळा." उत्तर आलं, "चेक्ड, फाउंड ओके." दुसऱ्यांदा लिहिलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा मी शेडमध्ये, जिथे इंजिनांची देखभाल होते तिथे, स्वतः गेलो. तिथल्या माणसाने डिस्प्ले चालू करून दाखवला, दुपारी साडेबाराला, पत्र्याच्या छपराखाली. म्हणाला, "बघा ना, कुठे आहे प्रतिबिंब?" मी म्हटलं, "रात्री बघा." तर म्हणे रात्री त्या सेक्शनची माणसं नसतात. ज्या वस्तूचं निम्मं आयुष्य रात्री जातं तिची तपासणी फक्त दिवसा होते, याचा राग मला अजून आहे.

मग मीच उपाय केला. कल्याण स्टेशनबाहेर स्टेशनरीच्या दुकानातून काळा जाड कार्डशीट घेतला, वीस रुपये, आणि वेल्क्रोची पट्टी तीस रुपये. बारा सेंटिमीटरचा छज्जा कापून डिस्प्लेच्या वर लावला. प्रतिबिंब नव्वद टक्के गेलं. जुन्या काटेवाल्या मीटरांना अशी कड बनवतानाच दिलेली असायची.

इथे माझं मत एकदा बदललं, तेही लिहितो. मी सगळ्यांना सांगत होतो की उजेड कमी करायची सोय पुरेशी नाही. एका सीएलआय (चीफ लोको इन्स्पेक्टर) साहेबांनी दाखवलं की मेनूत आणखी खाली एक रात्रीचा पर्याय आहे आणि त्यात बराच काळोख होतो. बटण चार वेळा दाबायचं, तेही स्क्रीनकडे बघत. म्हणजे ओरड थोडी चुकीच्या जागी होती. पण एमसीई (इंजिनाचं नियंत्रण करणारं इलेक्ट्रॉनिक्स) ऑफ-ऑन केलं किंवा कॅब बदलली की पर्याय पुसला जातो आणि स्क्रीन पुन्हा लख्ख. घाटात, पावसात, सिग्नल शोधत असताना चार वेळा खाली कोण बघणार? जुन्या इंजिनांवर मीटरच्या दिव्याला गोल नॉब होता. हाताला त्याची जागा माहीत होती, डोळे रुळावरच राहायचे. मेनूतली सोय आणि हाताखालची सोय यांत हा फरक आहे.

आवाजाचंही सांगतो. फॉल्टचे दोन दर्जे असतात: पी-1 म्हणजे आत्ता हात घाला, पी-2 म्हणजे कळलं, पुढे बघू. नव्या डिस्प्लेची पिप दोघांना एकच. पहिल्या महिन्यात मी प्रत्येक पिपला वाचत होतो. तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं की बोट आधी अ‍ॅक्नॉलेजच्या (फॉल्ट कळला असं सांगायच्या) बटणावर जातंय आणि डोळे नंतर स्क्रीनवर. हा कुणा एकाचा निष्काळजीपणा नाही, माणसाचा मेंदू असाच चालतो. लंडनजवळ लॅडब्रोक ग्रोव्हला 5 ऑक्टोबर 1999 ला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, 31 माणसं गेली. तिथल्या कॅबमधल्या इशाऱ्याचा भोंगा पिवळ्याला, दुहेरी पिवळ्याला आणि लालाला एकच होता. ड्रायव्हरने तो बटण दाबून बंद केला आणि लाल सिग्नल ओलांडून गाडी पुढे गेली. सकाळचं ऊन सिग्नलवर पडत होतं, सिग्नल नीट दिसण्याची जागाही वाईट होती. ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं होतं. अर्थ यावर्षी कळला.

एकच पिप काढून दोन करायला सॉफ्टवेअरमध्ये किती वेळ लागेल? मी विचारलं. "मागणी आली तर बघू," असं उत्तर मिळालं.

शेवटी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कंपनीचा एक इंजिनिअर रात्री फूटप्लेटवर, म्हणजे चालत्या इंजिनात, यायला तयार झाला. सीएलआय साहेबांनी परवानगी काढली होती. मुलगा पंचविशीचा, ठेंगणा, वही घेऊन आलेला. छज्जा मी काढून ठेवला होता. तो असिस्टंटच्या बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मला तर काहीच दिसत नाही." मी काही बोललो नाही. पुढे स्टार्टर (स्टेशन सोडायची परवानगी देणारा सिग्नल) लाल होता, गाडी उभी राहिली. मी सीटवरून उठलो आणि त्याला म्हटलं, "बस इथं. पाठ टेकव." तो बसला. तरी दिसेना. मग मला सुचलं, त्याच्या पाठीमागे माझी बॅग दिली, खाली रेनकोट घडी करून दिला, तेव्हा त्याचे डोळे माझ्या डोळ्यांच्या उंचीला आले. तो एकदम गप्प झाला. काचेवर पूर्ण डिस्प्ले उलटा उमटला होता, आकड्यांसकट, लाल स्टार्टरच्या जरा डावीकडे. त्याने मान डावीकडे नेली आणि हिरवी पट्टी स्टार्टरवर सरकली.

"सर, हे आम्ही डमी कॅबमध्ये बघितलं होतं," तो म्हणाला, "पण तिथे पुढची काच नव्हती."

मग खिशातून टेप काढून तो मापं घेऊ लागला: डोळा ते डिस्प्ले, डिस्प्ले ते काच, डिस्प्लेचा कल. आमच्या चेहऱ्याकडे असावा म्हणून डिस्प्ले वर तोंड करून बसवला आहे, आणि काच पुढे कललेली. उजेड ज्या कोनात काचेवर आदळतो त्याच कोनात परत फिरतो. माझ्या उंचीच्या माणसाच्या डोळ्यात तो येतो, माझ्या असिस्टंटच्या डोक्यावरून जातो. म्हणून लॉबीत, जिथे आम्ही ड्यूटीवर हजर होतो तिथे, निम्मे लोक म्हणत होते की त्रास आहे आणि निम्मे म्हणत होते की नाही. दोघंही खरं बोलत होते. डेस्क बनवताना सर्वांत ठेंगण्या आणि सर्वांत उंच माणसाला बसवून बघायचं असतं, हे त्या मुलालाही शिकवलेलं होतं. रात्री काच लावून बसवून बघायचं, एवढं राहून गेलं.

त्या मुलाबद्दल माझं मत चांगलं झालं, हे आवर्जून लिहितो. तीन आठवड्यांत अपडेट आलं. डावीकडचं शेवटचं बटण दोन सेकंद दाबून धरलं की रात्रीचा उजेड, आणि आता तो ऑफ-ऑन नंतरही लक्षात राहतो. पार्श्वभूमी काळी झाली. बटणाला मध्ये एक उंचवटा चिकटवला आहे, न बघता सापडतो. पहिल्या रात्री वापरलं तेव्हा कसाऱ्याच्या अलीकडचा सिग्नल मला किती लांबून दिसला! डोळे निवले. पिप मात्र अजून एकच आहे, आणि डिस्प्लेचा कल बदलायला डेस्क कापावा लागेल म्हणतात.

आणखी एक. दुसऱ्या कंपनीच्या डिस्प्लेवर तेच डावीकडचं शेवटचं बटण फॉल्टची यादी उघडतं. आज या इंजिनावर, उद्या त्या. युरोपात ईटीसीएस या गाडी-नियंत्रण यंत्रणेच्या कॅब डिस्प्लेचं रूप ठरवून दिलं आहे: वेगाचा गोल, मधोमध आकडा, काटा कुठल्या रंगाचा कधी होणार, सगळं. ड्रायव्हर कुठल्याही कंपनीच्या इंजिनात चढला तरी डोळा त्याच जागी जातो. आपल्याकडे किमान बटणांच्या जागा तरी एक करा, माझी हात जोडून विनंती आहे.

गुण: दिवसा साडेचार. रात्री, अपडेटच्या आधी, एक. अपडेटनंतर साडेतीन.

आमच्या शेडच्या मोजक्याच इंजिनांवर अपडेट टाकून झालं आहे. परवा मिळालेल्या इंजिनावर नव्हतं. साइन ऑन करून चढलो, बॅगेतून काळा छज्जा काढला आणि लावला. ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी मापं: रुंदी 28 सेंटिमीटर, खोली 12, दोन्ही कडा 4 सेंटिमीटर खाली दुमडायच्या. वेल्क्रोची खडबडीत बाजू कागदाला, मऊ बाजू डेस्कला, म्हणजे काढताना डेस्कवर ओरखडे येत नाहीत.