सख्खे अर्थ, चुलत अर्थ: इंग्रजी समानार्थी शब्दांच्या कार्डपेटीचा सात महिन्यांचा अनुभव

लेकीने सातवीत असताना एसएसएटी दिली. अमेरिकेतल्या खासगी शाळांच्या प्रवेशासाठी ही परीक्षा असते. तिच्या पेपरात शब्दांच्या विभागात ६० प्रश्न होते आणि वेळ ३० मिनिटं. त्यातले ३० प्रश्न समानार्थी शब्दांचे, बाकीचे शब्दसंबंधांचे. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम अर्धा मिनिट. वर एकच शब्द, ना वाक्य ना संदर्भ, आणि खाली पाच पर्याय. या ३० प्रश्नांसाठी आम्ही सात महिने कार्डांची पेटी वापरली. पहिले दोन महिने आमची पद्धतच चुकत होती, ते कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहिते.

पेटीच्या आधी तीन आठवडे एक ॲप वापरून पाहिलं. शब्द दिसतो, चार पर्याय येतात, बोट लावलं की हिरवं किंवा लाल. गुण भराभर वाढत होते, त्यामुळे मीही खूश होते. एकदा भांडी आवरताना सहज विचारलं, ‘अबेट म्हणजे काय गं?’ ती गप्प. ॲपवर हाच शब्द तिने पाच-सहा वेळा बरोबर सोडवला होता. दर वेळी तेच चार पर्याय येत असल्यामुळे तिला उत्तराचा चेहरा ओळखीचा झाला होता, शब्द नव्हे. ॲप त्या दिवशी बंद केलं.

मग पेटी आणली. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत खूप जणांना ठाऊक असेल. पेटीचे पाच कप्पे. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात. अर्थ आठवला तर पुढच्या कप्प्यात, चुकला तर कुठूनही थेट पहिल्यात परत. पहिला कप्पा आम्ही रोज घेत होतो, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. रोज पाच नवीन शब्द, रविवारी एकही नाही. नियम एकच: कार्ड उलटण्याआधी अर्थ तोंडाने बोलायचा. मनात आला, असं म्हटलेलं चालायचं नाही.

आठवण पक्की झाली, तरी सराव पेपरात गुण अडकलेलेच. ३० पैकी १३, १४, पुन्हा १३. कारण सापडलं ते ‘फ्रूगल’च्या कार्डावर. मागे तिने लिहिलं होतं: थ्रिफ्टी, स्टिंजी, मायझरली. पेपरात पर्याय होते मायझरली आणि इकॉनॉमिकल, तिने मायझरली निवडलं. मी विचारलं, ‘आजी काटकसरी की कंजूष?’ ती जवळजवळ रागावलीच. ‘आजी काटकसरी गं! कंजूष कशी असेल?’ मग म्हटलं, फ्रूगल म्हणजे आजी. तिने स्वतःच स्टिंजी आणि मायझरलीवर काट मारली.

आपल्याकडे समानार्थी शब्द म्हणजे सूर्य, रवी, भास्कर, दिनकर अशी माळ; कुठलाही मणी काढा, दुसरा बसवा. इंग्रजीची ही परीक्षा तशी नाही. ती जवळचे दोन शब्द शेजारी ठेवून त्यातला जास्त जवळचा कोणता, ते विचारते. म्हणून आम्ही सगळी कार्डं नव्याने लिहिली. पुढे शब्द. मागे आधी मराठी अर्थ, खाली ‘सख्खे’ म्हणजे खरोखर जागा घेतील असे एक-दोन शब्द, त्याखाली ‘चुलत’ म्हणजे घराणं एक पण स्वभाव वेगळा असे. चुलत का, ते चार शब्दांत. शेवटी तिचं स्वतःचं एक वाक्य. कन्फिडंटच्या मागे सख्खा अशुअर्ड, चुलत ॲरोगंट, शेरा: ‘हा दुसऱ्याला कमी लेखतो’. एका कार्डाला सात-आठ मिनिटं लागत. पण खरा अभ्यास त्या सात-आठ मिनिटांतच होत होता, माझी तरी खात्री आहे.

इंग्रजीत एकाच गोष्टीला इतके शब्द कशाला, हा तिचा नेहमीचा वैताग. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, विद्वानांची लॅटिन होतीच. म्हणून आस्क हा जुना घरचा शब्द, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला, इंटरॉगेट लॅटिनमधला. तिन्ही विचारतात, पण तिसरा चौकशीच्या खोलीत बसवून. हे तिला लगेच उमगलं, कारण मराठीतही तेच आहे. लग्न अग्नीच्या साक्षीने लागतं, आगीच्या नाही. आणि पोटात आग पडते, अग्नी पडत नाही.

फसव्या शब्दांना लाल कडेची वेगळी कार्डं केली. नॉइसमचा आवाजाशी संबंध नाही, तो दुर्गंधीवाला. एनर्व्हेट ऐकून एनर्जी आठवते, अर्थ मात्र शक्ती काढून घेणं. रेस्टिव्ह म्हणजे विश्रांतीतला नव्हे, उलट अस्वस्थ, आवरायला कठीण. ही कार्डं तिला सगळ्यात आवडायची आणि सगळ्यात लवकर पाठ झाली.

लॅटिन मूळ शब्दांचा फायदा झाला, पण बेताने. बोलणं या अर्थाच्या मुळावरून लोक्वेशियस, इलोक्वंट, कलोक्वियल एका दमात बसले. पेडवर मात्र घसरलो: पेडिस्ट्रियनमध्ये लॅटिन पाय आहे, पेडिॲट्रिशनमध्ये ग्रीक मूल. शिवाय पेडिस्ट्रियन विशेषण म्हणून आला की अर्थ होतो अगदी सामान्य, नीरस. असे दुहेरी शब्द आले की आधी पर्यायांकडे बघायचं. ग्रेव्हखाली सगळी विशेषणं असतील तर थडगं विसरा, गंभीर शोधा.

थिसॉरस फार वापरू नका. रॉजे यांनी १८५२ मध्ये काढलेल्या कोशापासून त्याचं काम शब्द अर्थाच्या गटांत जमवण्याचं आहे, त्यांच्यातला फरक तो सांगत नाही. आमच्या कार्डांवरचे बरेच चुलत तिथूनच सख्खे म्हणून घुसले होते. वाक्यं देणारा साधा शब्दकोश जास्त कामाचा. विरुद्धार्थी शब्दही त्याच कार्डावर लिहून पाहिले, घाईत दोन्हींची गल्लत व्हायला लागली, खोडून टाकले.

चुकीच्या उत्तराला तिच्या पेपरात पाव गुण कापत होते, कोरं सोडलं तर शून्य. पाच पर्यायांत डोळे मिटून ठोकलं तर सरासरी हिशेब शून्यावर येतो. पण एक पर्याय नक्की चुकीचा म्हणून काढता आला की उत्तर लिहिणं फायद्याचं. चुलत ओळखण्याची सवय इथे उपयोगी पडली. शब्द अर्धवट माहीत असला तरी ती दोन पर्याय बिनधास्त उडवायची.

शेवटच्या महिन्यात नवीन कार्ड बंद. तोवर सहाशेच्या आसपास झाली होती. शेवटच्या तीन सराव पेपरांत ३० पैकी २३, २५, २४.

परीक्षा होऊन गेली, पेटी अजून तिच्या टेबलावरच आहे. पहिल्या कप्प्यात नऊ कार्डं उरलीत. त्यात सँग्विन आणि सँग्विनरी आहेत, दोघांच्या मुळाशी लॅटिनमधलं रक्तच. एक आशावादी, दुसरा रक्तपिपासू. काल रात्री तिने दोन्ही बरोबर सांगितले आणि दुसऱ्या कप्प्यात सरकवले.