हवेत थांबणारा ठोसा आणि माझे १८ हजार

माझं कल्याण पूर्वेला मेडिकल स्टोअर आहे. रात्री साडेअकराला शटर ओढतो. दहानंतर जे गिऱ्हाईक येतं त्यात निम्मे खरे गरजू, आणि एखाद-दुसरा असा की चिठ्ठीशिवाय कोडीनचं कफ सिरप मागणार. ते शेड्यूल एच-१ मध्ये येतं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत. त्याचं वेगळं रजिस्टर असतं, ते तीन वर्षं जपून ठेवावं लागतं, त्यामुळे 'द्या ना शेठ एक बाटली' म्हटलं तरी देता येत नाही. गेल्या वर्षी अशाच एकाने नाही म्हटल्यावर काउंटरवरून कॉलर धरली आणि कानाखाली गुद्दा घातला. दोन दिवस कान गुणगुणत होता. बायको म्हणाली, "अहो, दहाला बंद करत जा दुकान." मी तिचं ऐकलं नाही, आणि एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने पाठवलेला मेसेज मात्र ऐकला: 'रविवारी मैदानावर सेल्फ डिफेन्सचा मोफत डेमो.'

डेमो बघून मी खरंच गार पडलो. काळा टी-शर्ट, सहा खिशांची पँट, असे एक सर. 'क्राव मागा, इस्रायली आर्मीचं सीक्रेट टेक्निक' असं म्हणाले. त्यांचा पोरगेला असिस्टंट धावत येऊन तोंडावर ठोसा मारायचा, सर मनगट हवेतच पकडायचे, मुरगाळायचे, पोरगा लोळायचा. टाळ्या. मग आमच्यातल्या एका जाड्या काकांना बोलावलं, त्यांनीही पोराला लोळवलं. पुन्हा टाळ्या. आता वाटतं, तो पोरगा फार गुणी नट होता.

डेमो फुकट, मग बेसिक बॅच ४,५०० रुपये. तिसऱ्या रविवारी कळलं की बेसिकमध्ये फक्त लांबून येणारे हल्ले आहेत, 'खरी मारामारी हातभर अंतरावर होते, त्याचं मॉड्यूल वेगळं', त्याचे ९,०००. शेवटी सर्टिफिकेट, टी-शर्ट आणि 'इंटरनॅशनल मेंबरशिप' मिळून आणखी ४,५००. एकूण १८ हजार. पैसे यूपीआयवर, दर वेळी वेगळ्याच कुणाच्या तरी नावावर. पावती 'ग्रुपवर टाकतो' म्हणाले, ती काही आली नाही. दुकानात दहा रुपयांच्या स्ट्रिपचं बिल फाडणारा माणूस मी, पण तिथे पावतीसाठी तोंड उघडलं नाही. गुरूकडे पावती कशी मागायची, असं काहीतरी मनात होतं.

आता मुख्य गोष्ट. आमचा सराव कसा चालायचा ते नीट सांगतो, कारण फसवणूक तिथेच होती. जोडीदार दोन पावलं लांब उभा राहायचा, एक पाऊल पुढे टाकून उजवा हात सरळ लांब करायचा आणि तो हात तिथेच ठेवायचा. खुंटीला सदरा टांगावा तसा तो हात हवेत. मग आपण सावकाश मनगट धरायचं, फिरवायचं, कोपर दाबायचं. एकदा मी विचारलं, "सर, त्याने हात मागे घेतला तर?" सर म्हणाले, "रिअल फाईटमध्ये समोरचा पॅनिक असतो, मागे घेत नाही." दुसऱ्या एकाने जरा जोरात करून बघू म्हटलं, तर उत्तर आलं, "हे टेक्निक इतकं डेंजर आहे की फुल स्पीडने केलं तर मनगट तुटेल." ग्लोव्ह्ज घालून करू का, तर "रस्त्यावर ग्लोव्ह्ज असतात का?" म्हणजे या विद्येची परीक्षाच घ्यायची नाही, आणि न घेण्याचं कारणही तिचं मोठेपण. वरून आमचाही दोष होताच. माझी मार देण्याची पाळी आली की मी पण हात लांब करून उभा राहायचो आणि शहाण्यासारखा लोळायचो. समोर वयाने मोठे काका, त्यांनीही पैसे भरलेले. त्यांचा हिरमोड कोण करणार?

चार महिन्यांनी रात्री अकराच्या सुमारास एक प्यायलेला पोरगा आला. अल्प्राझोलाम, म्हणजे गुंगी आणणारी गोळी पाहिजे, चिठ्ठी नाही. शिव्या सुरू झाल्या. आधी असं झालं की मी काउंटरची फळी खाली टाकून आत थांबायचो आणि शेजारच्या पानवाल्याला हाक मारायचो. त्या दिवशी मी फळी उचलली आणि बाहेर गेलो. खिशात सर्टिफिकेट होतं ना! त्याने उजवा हात कुऱ्हाडीसारखा आडवा फिरवला. मी मनगट पकडायला दोन्ही हात पुढे केले, तर मनगट तिथे नव्हतंच, आणि माझा चेहरा मोकळा. दुसरी फाईट डाव्या हाताची. भुवईवर चार टाके.

टाके बघून आमच्या बिल्डिंगमधल्या पोरीने विचारलं काय झालं. ती बारावीत आहे, रोज सकाळी बॉक्सिंगला जाते. मी तिला ते मनगटाचं टेक्निक करून दाखवलं. ती हसली नाही, एवढंच म्हणाली, "काका, पण मी हात परत घेणारच ना." गच्चीवर तिने ग्लोव्ह्ज घातले आणि अगदी हळू, टपली मारावी तसे दहा ठोसे मारले. मला एकही मनगट सापडलं नाही. मारलेला हात तितक्याच वेगाने हनुवटीशी परततो, हे बॉक्सिंगमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात म्हणे. आणि हातभर अंतरावरून येणारा ठोसा बघून, ओळखून, मग पकडायला जायचं म्हटलं तर वेळच नसतो. डोळ्याने पाहून हात हलवायलाच माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात काम झालेलं असतं.

तिच्या कोचनी मग दोन सकाळी मला जे शिकवलं ते दिसायला इतकं साधं आहे की त्याचे कुणी नऊ हजार देणार नाही. समोरचा चढ्या आवाजात बोलायला लागला की हात छातीच्या वर, तळवे पुढे, 'भाऊ, शांत व्हा' म्हणतो तसे. दिसायला विनवणी, पण हात आधीच डोक्याजवळ पोचलेले असतात. दारुडा बहुतेक वेळा सरळ मारत नाही, आडवा फिरवतो. त्या बाजूचा हात कानाला फोन लावल्यासारखा डोक्याला घट्ट चिकटवायचा, कोपर पुढे, हनुवटी खाली, पण डोळे मिटायचे नाहीत. ठोसा दंडावर बसतो. दुखतं, पण शुद्ध राहते. त्यानंतर मध्ये उभं राहायचं नाही. एकतर चार पावलं मागे, नाहीतर एकदम आत, त्याचे दोन्ही दंड आपल्या हातांनी कवेत आवळून, डोकं त्याच्या खांद्याला चिकटवून. इतक्या जवळ हात फिरवायला जागा उरत नाही. मग ढकलून निघायचं. मूठ वळून कवटीवर मारू नका असंही ते म्हणाले, करंगळीमागचं हाड सहज मोडतं. आणि हे सगळं त्यांनी ग्लोव्ह्ज घालून, समोरच्याला खरंच मारायला सांगून करून घेतलं. पहिल्या दिवशी मी दहातले सात खाल्ले. दुसऱ्या दिवशी चार. दुकानदाराने मुळात फळीच उचलू नये, हे त्यांनी दोन्ही दिवशी सांगितलं.

क्राव मागा खोटं आहे असं मी म्हणत नाही. नंतर वाचलं तर ते सुरू करणारा इमी लिख्टनफेल्ड नावाचा माणूस, १९१० मध्ये बुडापेस्टला जन्मलेला आणि ब्रातिस्लावात वाढलेला, स्वतः कुस्ती आणि बॉक्सिंग खेळलेला. १९४८ नंतर त्याने इस्रायलच्या सैन्यात शिकवलं. हिब्रूत त्या नावाचा अर्थच जवळून केलेली झुंज. पण या नावावर जगात कुणा एका संस्थेची मालकी नाही. कितीतरी संस्था आपापली सर्टिफिकेटं देतात, आणि प्रिंटर असलेला कुणीही त्यात भर घालू शकतो. माझ्या सर्टिफिकेटवर सोनेरी सिंह आहे, पत्ता नाही.

अजून एक. सरांनी गळ्यावर मारायला, डोळ्यात बोटं घालायला शिकवलं, 'कायदा आपल्या बाजूने आहे' असं सांगून. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे हे खरं, पण बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही हे कलम ३७ मध्ये स्पष्ट आहे. वकील असलेल्या माझ्या साडूने हे सांगितलं तेव्हा वाटलं, माझं टेक्निक फसलं हे एका अर्थी बरंच झालं.

पैसे परत मागितले तर 'तुमचा सराव कमी पडला' असा मेसेज आला आणि पाच मिनिटांत मी ग्रुपच्या बाहेर. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. आता जिल्हा ग्राहक आयोगात जायचं आहे, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. बॅचमधले दोघं माझ्याबरोबर यायला तयार आहेत, त्यातले एक ते जाडे काका. जानेवारी ते मार्चच्या रविवार बॅचला जे कुणी होते, त्यांनी यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि ग्रुपवरचे मेसेज पुसू नका. डेमोचा व्हिडिओ कुणाकडे असेल तर तो मला हवा आहे.