पूर आराखडा: कार्यालयातला की गल्लीतला?

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर आलं की इशारा, ४५ वर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेलं.

कार्यालयातल्या आराखड्यात निळी रेषा असते २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. कोयना धरणाचा विसर्ग, बोटी, निधी हे सगळं तिथूनच हलतं. ते गल्लीला जमणारं नाही, हे मान्य.

पण सूर्यवंशी प्लॉटसारख्या सखल वस्तीत पाणी आधी शिरतं. तिथली मावशी फूट सांगत नाही, भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेवर बोट ठेवते: "इथवर आलं की सिलिंडर माळ्यावर टाकायचा." कोण अंथरुणाला खिळलंय, कोण बाळंतीण आहे, ही यादी तिला तोंडपाठ. गावाकडं तर म्हैस कुठं बांधायची हे ठरल्याशिवाय माणूस घर सोडत नाही, मग शेवटच्या बोटीवर गर्दी होते. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळ गावात माणसांनी भरलेली बोट उलटली, ते विसरता येत नाही.

भरपाईचंही तसंच. भाडेकरूंच्या नावावर घर नसतं, पंचनाम्यात ते निसटतात. शेजारी बसून यादी केली तर ते निसटत नाहीत.

माझ्या मते आराखड्याची सुरुवात गल्लीतच व्हावी, मे महिन्यात, पाऊस यायच्या आत. पाण्याचे आकडे कार्यालयानं द्यावेत. कुणाला आधी हलवायचं, हे मात्र मावशीला विचारूनच ठरवावं.